वाजवायची कणीक

आमच्या घरात कणीक दोनदा मळली जाते. एक खायची आणि एक वाजवायची. खायच्या कणकेत मीठ असतं, तेल असतं, आणि मी रागात असले तर दोन्ही जरा जास्त असतं. वाजवायच्या कणकेत फक्त पाणी. ती मळताना मन शांत ठेवावं असं आमचे हे सांगतात. मन अशांत करणारा माणूसच असं सांगायला लागला तर काय करावं, ते मात्र कुणी सांगत नाही.

ज्यांच्या घरी पखवाज नाही त्यांना हे वेड वाटेल, म्हणून आधी सांगून टाकते. पखवाज म्हणजे आडवा ठेवून दोन्ही हातांनी वाजवायचा मोठा ढोलासारखा प्रकार. त्याच्या उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवलेली असते. डावं तोंड मात्र कोरं. वाजवायला बसायच्या आधी तिथं ओल्या कणकेची जाडसर पुरी थापायची आणि वाजवून झालं की ती खरवडून काढायची. कणीक जास्त झाली तर आवाज खाली बसतो, कमी झाली तर पोकळ होऊन वर चढतो. नेमकी बसली, की डावा हात पडल्याबरोबर जो घुमारा निघतो तो कानात नंतर जातो, आधी पोटात जाणवतो. मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही, पण हा घुमारा कळतो. रोज ऐकून ऐकून कळायला लागला.

तबल्याला असला उपद्व्याप नसतो. त्याच्या दोन्ही तोंडांना शाई बसवलेलीच असते. पिशवीतून काढा, ठोकून सुरात लावा आणि वाजवा. लग्नानंतर नवी नवी असताना मी एकदा म्हटलं होतं, "तुम्ही तबला का नाही वाजवत? पीठ तरी वाचेल." हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पखवाज मधोमध कापला आणि त्याचा तबला झाला अशी एक जुनी गोष्ट लोक सांगतात. ती गोष्ट हे अशा चेहऱ्याने सांगतात, की जणू यांच्याच भावकीतल्या कुणाला कापलं. "तबला म्हंजी पखवाजाचा नातू," संध्याकाळी ते म्हणाले. "नातवाचे लाड सगळेच करतात. आज्याला ताट वाढणारं कुणी पायजे का नाय?"

आज्याला ताट वाढणारी म्हणजे मी.

वाजवून झालेली कणीक फेकायची नसते, गाईला द्यायची. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत एक मोकाट गाय आहे, तिला आमचा सगळा रियाज पाठ आहे. वाजवणं संपवताना पखवाजी एकच तुकडा तीनदा वाजवतो, त्याला तिहाई म्हणतात. आमच्या ह्यांची तिहाई सुरू झाली, की गाय कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपासून निघते आणि शेवटच्या थापेला बरोबर आमच्या फाटकाशी पोचते. इतकी समज मी सभागृहात बसलेल्या माणसांतही पाहिलेली नाही. तिथं लोक अध्येमध्ये टाळ्या वाजवतात.

तर माझ्या कणकेबद्दल. तिचा मला फार अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. त्याला कारण माझं लग्न.

माझं माहेर गुलमंडीच्या मागच्या गल्लीतलं. मला पाहायला ही मंडळी गावाकडून आली तेव्हा नवऱ्या मुलाच्या काखेत पखवाज होता. शहरात येतोच आहे तर त्याची वादी, म्हणजे तोंडं ताणून धरणारी चामड्याची पट्टी, बदलून घेऊ, असा त्यांचा हिशेब. म्हणजे वादी मुख्य आणि मुलगी येता येता. ह्यांची आई ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, त्यांच्याकडे पोळी सणालाच. त्यांनी विचारलं, "पोरीला पोळ्या येत्यात का?" माझ्या आईने मला आत कणीक मळायला बसवलं. तेवढ्यात बाहेरून मुलाचा आवाज आला, "जरा कणीक मिळंल का?" आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आईला वाटलं मुलगा फारच भुकेला आहे, कच्चीच मागतोय. मी गोळा नेऊन दिला. ह्यांनी तो पखवाजावर थापला, एक थाप मारली, तोंड वाकडं केलं आणि बोट जिभेला लावलं.

"मीठ हाय यात," ते म्हणाले.

माझे वडील म्हणाले, "पोळीला मीठ नको का?"

"पोळीला पायजे, पखवाजाला नको. मिठानं पाणी सुटतं, कातडं खराब होतं."

मी अशी संतापले, की त्याच क्षणी ठरवलं, लग्न करीन तर ह्याच माणसाशी. आणि असली कणीक मळीन, की जन्मात पुन्हा नाव ठेवायला जागा मिळणार नाही. लोक प्रेमात पडून लग्न करतात, मी रागाने केलं. माझी कणीक मग खरोखरच तशी झाली. ह्यांना शहरात नोकरी लागली, मुलं मोठी होऊन पुण्याला गेली, हे निवृत्त झाले. कणकेला कुणी नाव ठेवलं नाही. गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या दिवाळीनंतरची एक सकाळ. मी आत भाजी चिरत होते. बाहेर एक थाप पडली, मग दुसरी, मग शांतता. आणि मग, "अगं, कणीक बिघडली."

मी विळी तशीच टाकून बाहेर गेले. "काय झालं कणकेला?"

"आवाज बसंना गेलाय."

मी हात पुसला, डाव्या तोंडावर एक थाप मारली. सरळ होतं, कणीक जास्त लागली होती. "जास्त थापलीय. काढा थोडी." त्यांनी काढली, आवाज बसला, मी आत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा "कणीक बिघडली." तिसऱ्या दिवशी पुन्हा. कधी जास्त, कधी कमी. त्यांचं रोजचं मापच चुकायला लागलं होतं आणि बोल मात्र माझ्या कणकेला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर म्हणून टाकलं. त्यावर त्यांनी खाली मान घालून कणीक खरवडायला घेतली. आमच्या घरात असं निमूट ऐकून घेणं नवीन होतं.

मग मी शोध सुरू केला. आधी गिरणीवाल्याला धरलं. तो म्हणाला, "वहिनी, गहू तुमचाच, चक्की तीच, मी बी तोच." गव्हाची जात बदलली. पाकिटातलं पीठ आणून पाहिलं. पाणी कोमट घेतलं, गार घेतलं, उन्हात ठेवून घेतलं. ह्यांचं रोज तेच.

मधे मी दोन दिवस बहिणीकडे जालन्याला गेले. परत आले तर दिवाणखान्यात सगळीकडे पांढरा भुगा. सोफ्यावर, टीव्हीवर, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा. गव्हाचं पीठ संपलं होतं म्हणून ह्यांनी ज्वारीचं लावलं होतं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून तर भाकरी थापायला निम्मं आयुष्य जातं. ते वाळलं, आणि जोरात थाप पडली तसं ढासळून ह्यांच्या मांडीत आलं. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला हे कळू नये?

"वाटलं, आपलंच पीठ हाय, धरून ऱ्हाईल," ते म्हणाले.

आमच्या वरच्या मजल्यावर आपा राहतात. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, माझी जिवाभावाची मैत्रीण. सकाळचा पखवाज त्यांना इतका सवयीचा झालाय, की एक दिवस वाजला नाही तर जिन्यातून विचारतात, "क्या जी भाभी, आज तबला बजरा नै?" आणि आतून हे ओरडतात, "तबला नव्हं, पखवाज!" इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीही माघार घेतलेली नाही.

मी आपांकडे कणकेचं रडगाणं गायलं. त्या म्हणाल्या, "भाभी, एक बार हमारे नान का आटा लगाके तो देखो. रेशम है, रेशम." त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते, मटणाचा खलिया शिजत होता, नानचा आटा तयार होता. त्यांनी एक गोळा वाटीतून पाठवला. खरंच रेशमासारखा होता. ह्यांनी लावला. एप्रिलची दुपार, डोळे मिटून वाजवत बसलेले. मी समोर पेपर वाचत होते. हळूहळू आवाज असा व्हायला लागला, की कुणीतरी उशी बडवतंय. वर पाहिलं तर डाव्या तोंडावरची कणीक टम्म फुगली होती. तिला बुडबुडे आले होते. शेवटी ती एका बाजूने सुटली आणि सावकाश सतरंजीवर उतरली.

आपा धावत खाली आल्या. डोक्याला हात लावून म्हणाल्या, "हाय अल्ला! खमीर डाली थी ना मैं!" नान फुगावा म्हणून पिठात घालतात ते खमीर.

गाईला मात्र तो आटा फारच आवडला. पुढचे काही दिवस ती आमच्या फाटकाकडे फिरकली नाही, आपांच्या बाल्कनीखाली उभी राहायची.

ह्या सगळ्यात एक दिवस फोन आला. बाहेरगावचे एक धृपद गायक शहरात गायला येणार होते. धृपद म्हणजे जुनं, संथ, भारदस्त गाणं. त्याला साथ पखवाजाचीच लागते, तिथं तबल्याचं काम नाही. ठरलेल्या पखवाज्याला यायला जमत नव्हतं. कुणीतरी आमच्या ह्यांचं नाव सुचवलं होतं.

आमचे हे आयुष्यभर भजनात वाजवत आले. गावातल्या देवळात, शहरातल्या मंडळांत, कुणाच्या वास्तुशांतीला. त्याचा त्यांना कमीपणा नव्हता. पण धृपदाला एकदा तरी साथ करावी, ही त्यांची इच्छा मला लग्नापासून ठाऊक होती. टीव्हीवर कधी धृपद लागलं, की हे उशीवर वाजवत बसायचे. तो फोन त्यांनी उभं राहून घेतला. फोन ठेवला, आत गेले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दिवसभर तो शर्ट घालून घरातच बसून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "लई उशीर झाला गं ह्याला. पण आला."

कार्यक्रमासाठी नवा कुर्ता शिवायचा म्हणून आम्ही गुलमंडीला कापड घ्यायला गेलो. दुकानातून बाहेर पडलो, रस्ता ओलांडायचा होता. डावीकडून एक बुलेट येत होती. बुलेटची ती धडधड दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यांनाही ऐकू जाईल इतकी जाड असते. हे सरळ तिच्यासमोर चालत गेले. मी बाही धरून ओढलं म्हणून वाचले. कुर्त्याआधीच शर्ट फाटला.

बुलेटवाला ओरडला, "ओ काका, बहिरे हाय का?"

"मग हॉर्न वाजवायचा ना!" हे त्याच्यावर चढले.

त्यांनी तिथं रस्त्यावर भांडण लावलं आणि मी फाटकी बाही हातात धरून उभी होते. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. ह्यांना कुकरची शिट्टी बाल्कनीतून ऐकू येते. मी सासरबद्दल स्वतःशी पुटपुटलेलं तर हमखास येतं. पण पाण्याची मोटर घुमत राहते आणि टाकी भरून वाहते, तरी ह्यांना पत्ता नसतो. फ्रीज हल्ली रात्रीचा आवाज करतो म्हटलं, तर म्हणाले होते, कुठला आवाज? बारीक, उंच आवाज सगळे येत होते. जाड, खालचे आवाज येत नव्हते. आणि पखवाजाचं डावं तोंड म्हणजे सगळा जाड, खालचाच आवाज.

माझी कणीक बिघडली नव्हती. ह्यांचा कान बिघडला होता.

मी घाबरले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या उस्मानपुऱ्याला माहीत आहे. पण ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडेना. ह्या माणसाला मी ओळखते. निवृत्त झाले त्या दिवशी ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं ते पुन्हा बाहेर काढलं नाही. कान गेला असं कळलं तर पखवाजाला खोळ घालतील, माळ्यावर ठेवतील आणि टीव्हीसमोर बसतील. मग मी दोन कणका कुणासाठी मळायच्या? आणि धृपद आठवड्यावर आलेलं. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट दारात उभी असताना मी कसं म्हणू, की अहो, तुम्हाला ती ऐकूच येणार नाही?

म्हणून मी एक युक्ती केली. माझ्या स्वभावाला न शोभणारी. सकाळी बाहेर थाप पडली, आवाज खाली बसलेला. ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी आतून ओरडले, "अहो थांबा! आज पाणी माझ्याच हातून जास्त झालंय. सुपारीएवढी काढा." थाप. "अजून जरा." थाप. घुमारा आला. "बास!" दुसऱ्या दिवशी, "पीठ जाड दळलंय वाटतं, थोडी लावा." तिसऱ्या दिवशी आणखी काही. जिच्या कणकेला कुणी नाव ठेवू नये म्हणून जिने लग्न केलं, ती बाई रोज उठून स्वतःच्या कणकेला नावं ठेवायला लागली. जीभ जड व्हायची माझी. आणि हे निमूट काढायचे, निमूट लावायचे. तिथंच मला संशय यायला हवा होता. बाजारातून कोथिंबीर आणतानाही जो माणूस वाद घालतो, तो कणकेच्या बाबतीत एवढा गरीब कसा झाला?

कार्यक्रम औरंगपुऱ्यातल्या एका लहान सभागृहात होता, संध्याकाळचा. कणीक मी निघताना ताजी मळली, ओल्या फडक्यात गुंडाळली, स्टीलच्या डब्यात घातली. तशी कणीक मी आयुष्यात मळली नसेल. आपाही आल्या होत्या. पहिल्या रांगेत आम्ही दोघी. त्यांनी मंचाकडे पाहून विचारलं, "इस में तबला नै?" मी त्यांच्या मांडीवर चापट मारली.

तानपुरा सुरू झाला. ह्यांनी हातोडीने ठोकून उजवं तोंड सुरात लावलं, ते छान लागलं. मग डब्यातून कणीक काढली, डाव्या तोंडावर थापली आणि थाप मारली. मला बसल्या जागी कळलं, जास्त झाली. गायकांनी मान वळवून पाहिलं. ह्यांनी दुसरी थाप मारली, मान वाकडी करून उजवा कान खाली नेला. गायक हळूच काहीतरी म्हणाले. ह्यांनी मान डोलावली आणि डब्यातून आणखी कणीक घेऊन वर लावली. उलटंच! आवाज पार तळाला गेला. मी हातवारे केले, बोटांची चिमूट दाखवली, ह्यांचे डोळे मिटलेले. मागे कुणीतरी खाकरलं. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या कपाळावर.

मी उठले. पदर खोचला आणि मंचाच्या बाजूच्या पायऱ्या चढून वर गेले. इतक्या लोकांसमोर मी कधी आरतीलाही पुढे होत नाही.

"माफ करा हं," मी मोठ्याने म्हणाले. "कणीक मी मळलीय. माझ्या हातून पाणी जास्त झालं."

लोक हसले. मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसले, वरून लिंबाएवढा गोळा काढला आणि तळव्याने थाप मारली. अजून काढली, थाप मारली. ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, पण हात मधे घातला नाही. आणखी एक चिमूट काढली, मारली, आणि तो घुमारा उठला. पोटात लागणारा. गायकांनी डोळे मिटून मान हलवली. मी हाताला लागलेली कणीक डब्यात झटकली, खाली उतरले.

मागच्या रांगेतून एक बाई दुसरीला म्हणाली, "ह्यांच्या घरच्या पोळ्या कशा होत असतील!"

मी मागे वळून असं पाहिलं, की तिने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. बोलले मात्र नाही. आपा माझा हात दाबून कुजबुजल्या, "आटा तो एकदम अच्छा था भाभी. मैं देखी थी ना."

"चुप बैठो," मी म्हटलं.

मग हे वाजवायला लागले. संथ, एकेक थाप मोजून ठेवल्यासारखी. गायकांचा आवाज खाली गेला, की हे त्याच्याखाली आपला हात ठेवायचे. तो वर गेला, की वाट मोकळी करायचे. मला गाण्यातलं कळत नाही, पण ह्या माणसाचे हात कळतात, आणि ते हात त्या दिवशी इतके सुखी होते, की मला ते पाहवेना. शेवटची तिहाई इतकी देखणी पडली, की मला एकदम गाईची आठवण झाली. टाळ्या थांबल्यावर गायकांनी साथीदारांचे आभार मानले आणि हसून म्हणाले, "आणि ज्यांची कणीक जरा सैल झाली, त्या वहिनींचेसुद्धा!" पुन्हा सगळं सभागृह हसलं. मी पण हसले. दात दाखवले, एवढंच म्हणू.

परतताना रिक्षा केली. पखवाज ह्यांच्या मांडीवर. हे नेहमीसारखे डाव्या टोकाला बसले, मी उजवीकडे. वर्षभर हे रिक्षात डावी बाजू सोडत नव्हते, वारा लागतो म्हणायचे. पैठण गेटापाशी रिक्षा वळली.

"कणीक चांगली व्हती," हे म्हणाले.

"पाणी जास्त झालं होतं," मी म्हणाले.

"नाय झालं. एक दिवसबी नाय झालं. वर्षभरात तुझी कणीक एकदाबी बिघडली नाय."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. माझ्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला, की हे डावीकडे का बसतात. त्यातल्या त्यात बरा असलेला उजवा कान माझ्याकडे राहावा म्हणून.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला नाय ठाऊक होणार तर कुणाला? कान माझा हाय."

"आणि वर्षभर माझ्या कणकेला नावं ठेवलीत?" मी इतक्या जोरात ओरडले, की क्रांती चौकातल्या सिग्नलला थांबलेल्या शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून पाहिलं. "चक्की बदलली मी! पाकिटातलं पीठ आणलं! उन्हातलं पाणी वापरलं! खमीर..."

"खमीर तुझ्या मैत्रिणीचं. त्यात माझा दोष नाय."

"मग सांगायचं ना सरळ!"

ते पखवाजाच्या खोळीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "काय सांगू? पखवाज वाजिवणारा आणि बहिरा? जीभ रेटली नाय. कणीक बिघडली म्हणलं, की तू हात पुसत बाहेर येतीस. थाप मारतीस. काढा म्हणतीस, लावा म्हणतीस. मला तेवढंच पायजे व्हतं. तुझा कान."

मला रडू आलं आणि रागही आला. माझं दोन्ही एकदमच येतं, त्याला इलाज नाही. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि माझ्या पोळ्यांना नावं ठेवणाऱ्या त्या मागच्या रांगेतल्या बाईला माझ्या हातची पोळी कोण खाऊ घालणार?"

"तिला बोलव की जेवायला," हे म्हणाले. "मी सांगतो तिला, मीठ कसं बेतात हाय ते."

डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. त्याने टीव्ही छान ऐकू येतो, बुलेटही येते. पण ते घालून पखवाज ऐकला, की पत्र्याचा डबा वाजल्यासारखा लागतो म्हणतात, म्हणून वाजवताना काढून ठेवतात. आपांना हे सगळं मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यांना कधीचंच कळलं होतं. मग बोलल्या का नाहीत विचारलं, तर म्हणाल्या, "तुम दोनों इतने मजे से झगड रे थे, मैं कायकू बीच में बोलूं?"

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र सांगायची राहिली. मी आत पोळ्या लाटत होते. वाजवायची कणीक आधीच बाहेर नेऊन दिली होती. पखवाजावर एक थाप पडली. कणीक जास्त. दुसरी थाप पडली. मी लाटणं थांबवलं आणि वाट पाहायला लागले. सवयच लागली होती त्या दोन शब्दांची. पण बाहेर नुसती शांतता. तव्यावरची पोळी करपायला लागली.

मग हे म्हणाले, "अगं, जरा ऐकतीस का?"

अहो, जरा ऐकता का, असं मी ह्या माणसाला जन्मभर म्हणत आले. त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी गॅस बंद केला, पिठाच्या हातांनी तशीच बाहेर गेले आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसले.